संगणकसमूहाचे ग्रंथपाल

चंदीगड शहराच्या उत्तर टोकास, शिवालिकच्या डोंगररांगा पाठीशी घेऊन, शासकीय वास्तूंचा जो समूह उभा आहे तो कॅपिटल कॉम्प्लेक्स या नावाने जगास ठाऊक आहे. ल कार्बुझिए या जगद्विख्यात स्थापत्यविशारदाने त्याची आखणी केली. उच्च न्यायालय, विधानभवन व सचिवालय या काँक्रीटच्या तीन प्रचंड इमारती विस्तीर्ण मोकळ्या जागेवर एकमेकींपासून चांगल्याच अंतरावर आहेत. ‘उघडा हात’ हे शिल्प १९८५ साली तेथे उभे राहिले, राज्यपालांचा नियोजित प्रासाद मात्र कागदावरच राहिला. २०१६ साली युनेस्कोने या संकुलाची जागतिक वारशात गणना केली. स्थापत्याचे विद्यार्थी तेथील ऊनसावलीचा खेळ टिपण्यास दूरदुरून येतात. त्या संकुलाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, पण ते छायाचित्रात उमटत नाही. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन होऊन हरियाणा राज्य निर्माण झाले आणि चंदीगड ही दोन्ही राज्यांची राजधानी ठरली. तेव्हापासून २५४ मीटर लांबीचे ते सचिवालय दोन्ही सरकारांनी वाटून घेतलेले आहे. विधानभवनातील अतिपरवलयी मनोऱ्याखालचे मोठे सभागृह पंजाबकडे आणि पिरॅमिडच्या आकाराच्या छपराखालचे लहान सभागृह हरियाणाकडे गेले. उच्च न्यायालय मात्र दोघांचे मिळून एकच आहे.

अशा ठिकाणी काम करणाऱ्या एखाद्या लिपिकाची वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. साहेबांनी त्यास एक फाईल आणावयास सांगितले आणि थोड्या वेळाने तो रिकाम्या हाताने परत आला. याची कारणे तीन प्रकारची संभवतात. फाईल उच्च न्यायालयात असेल आणि तो ती सचिवालयात शोधीत असेल. किंवा ती त्याच मजल्यावर, चार पावलांवर असेल. परंतु ते कपाट दुसऱ्या राज्याचे आणि त्याची किल्ली त्या राज्याच्या माणसाकडे. किंवा असेही होईल की फाईल हातात आली, उघडलीही. पण पंजाबचा राजकारभार गुरुमुखी लिपीतील पंजाबीत चालतो, हरियाणाचा देवनागरीतील हिंदीत चालतो, आणि समोरच्या पानाची लिपी लिपिकास येत नाही. तीन निरनिराळी कारणे, तीन निरनिराळे उपाय. साहेबांपर्यंत पोहोचणारे उत्तर मात्र तिन्ही वेळा एकच असते: “फाईल मिळाली नाही, साहेब.”

अनेक संगणक जोडून केलेल्या गणनयंत्रणेत, म्हणजे संगणकसमूहात, जे बिघाड होतात त्यांपैकी फार मोठा भाग नेमका या तीन जातींचा असतो. गणित चुकलेले नसते, यंत्र मोडलेले नसते, आज्ञावली लिहिणाराही बहुधा अडाणी नसतो. एका ठिकाणी जे हाताशी आहे ते सर्व ठिकाणी हाताशी असेलच, असे कोणीतरी मनात धरलेले असते आणि ते तसे नसते. ही गोष्ट सांगावयास सोपी असली तरी तिच्यापायी किती दिवस आणि किती रात्री खर्ची पडतात, याची बाहेरच्या जगास कल्पना नाही. ते दिवस वाचविणे हे ज्यांचे काम, त्या माणसांची बाजू येथे मांडावयाची आहे.

चंदीगडला लागूनच असलेल्या मोहालीत राष्ट्रीय कृषी-अन्न जैवउत्पादन संस्थेत (पूर्वीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेत) ‘परम स्मृती’ नावाचा महासंगणक आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली २०२१ साली तो कार्यान्वित झाला. त्याची कमाल शक्ती ८३८ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ८३८ लक्ष कोटी आकडेमोडी, अशी सांगितली जाते. ‘परम’ हे कुलनाम मूळचे पुण्याचे. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि १९९१ साली तेथे ‘परम ८०००’ तयार झाला. एकच अतिवेगवान आणि अतिमहाग प्रोसेसर बनविण्याच्या भानगडीत न पडता, स्वस्त प्रोसेसर पुष्कळसे घेऊन त्यांस एकमेकांशी बोलावयास लावावे, हा त्यामागील विचार होता. आज जगातील झाडून सारे महासंगणक याच वाटेने चालले आहेत. महासंगणक म्हणजे एक अवाढव्य मेंदू, अशी जी समजूत शाळांतून अजून दिली जाते ती बदलावयास हवी. तो शेकडो संगणकांचा गाव आहे. गाव म्हटला की वाटा, पत्ते, किल्ल्या आणि बोलीभाषा आल्याच.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. वृत्तपत्रांतून त्यांची किंमत, सुमारे १३० कोटी रुपये, ठळकपणे छापून आली आणि त्यांच्या वेगाचीही वाखाणणी झाली. हे योग्यच होय. देशाने स्वतःच्या बळावर असे यंत्र उभारावे यात अभिमान वाटण्याजोगे पुष्कळ आहे. तथापि एखाद्या ग्रंथालयाची थोरवी सांगताना केवळ कपाटांची लांबी सांगावी, तसे हे झाले. कपाटात काय आहे, ते कोणी लावले, मागितलेले पुस्तक किती वेळात हाती येते, याची चौकशी कोणी केली नाही.

ग्रंथालयाचा दृष्टान्त येथे सहज सुचलेला नाही. संगणकाच्या परिभाषेतच ‘लायब्ररी’ हा शब्द आहे, आणि त्यामुळे मराठी वाचकाचा थोडा घोटाळा होण्याचा संभव आहे. संगणकाची लायब्ररी म्हणजे वारंवार लागणाऱ्या कृतींचा तयार संग्रह. वर्गमूळ काढणे, मजकूर दाबून लहान करणे, गुप्तलिपीत टाकणे, प्रत पाठविताना एखादे अक्षर बिघडले का हे ताडून पाहणे, अशा कृती प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नये म्हणून त्या एकदाच लिहून ठेवलेल्या असतात. त्यांत एक जात ‘नेटिव्ह लायब्ररी’ या नावाची आहे. तिला ‘देशी लायब्ररी’ म्हणावे तर हसे होईल. तिचा अर्थ असा, की ती विशिष्ट जातीच्या प्रोसेसरच्या आणि विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या यंत्रभाषेत उतरविलेली असते. जावासारख्या भाषेतील आज्ञावली मध्यस्थाकरवी कोणत्याही यंत्रावर चालते. जणू दुभाष्या बरोबर घेऊन फिरणारा प्रवासी. परंतु दुभाष्याने वेळ जातो. म्हणून जे काम कोट्यवधी वेळा करावयाचे असते तेवढे थेट यंत्राच्या बोलीत लिहून ठेवतात. वेग मिळतो, पण मोकळीक जाते. एका जातीच्या प्रोसेसरसाठी उतरविलेली लायब्ररी दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरला निव्वळ गुरुमुखीच्या पानासारखी: समोर आहे, पण वाचता येत नाही.

याचे सर्वांत परिचित उदाहरण हडूप या यंत्रणेचे आहे. प्रचंड माहिती अनेक साध्या संगणकांवर विभागून ठेवण्याची ही यंत्रणा २००६ साली अमेरिकेत आकारास आली. तिचे नाव तिच्या एका जनकाच्या लहान मुलाच्या खेळण्यातील हत्तीवरून पडले. आपल्याकडे आधार क्रमांकाच्या यंत्रणेत तिचा उपयोग झालेला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला; त्या नोंदी ज्या माहिती-केंद्रांत सांभाळल्या जातात त्यांतील एक बंगळुरू येथे आणि दुसरे हरियाणातील मानेसर येथे आहे. हडूपची रीत एखाद्या ग्रंथपालासही पसंत पडेल अशी आहे. मोठ्या फाईलचे १२८ मेगाबाइटचे तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्याच्या साधारणतः तीन प्रती निरनिराळ्या संगणकांवर ठेवावयाच्या, आणि कोणता तुकडा कोठे आहे याची नोंदवही एका मुख्य संगणकाकडे द्यावयाची. हा मुख्य संगणक स्वतः फाईल बाळगीत नाही. तो केवळ दाखल-नोंदवही बाळगतो. एखादा संगणक बंद पडला तरी दोन प्रती शिल्लक असतात आणि तिसरी नवी करून घेतली जाते.

या यंत्रणेवर काम करू लागणाऱ्या प्रत्येक नवशिक्यास पहिल्याच दिवशी पडद्यावर एक सूचना दिसते. तिचा आशय असा, की आपल्या यंत्रासाठी असलेली नेटिव्ह लायब्ररी चढविता आली नाही, सबब अंगभूत जावा-कृती वापरण्यात येत आहेत. सूचना सौम्य आहे. काम थांबत नाही. म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करावयास पहिल्याच दिवशी शिकले जाते, आणि हे शिक्षण फार दिवस टिकते. वस्तुतः त्या एका ओळीमागे कितीतरी निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. लायब्ररी त्या संगणकावर मुळातच ठेवलेली नसेल. ठेवलेली असेल, पण कोणत्या फोल्डरात शोधावे हे आज्ञावलीस कोणी सांगितले नसेल. मुख्य संगणकावर सांगितले असेल, पण तो निरोप कामकरी संगणकांपर्यंत गेला नसेल. लायब्ररी ३२ बिटांच्या यंत्रासाठी उतरविलेली आणि यंत्र ६४ बिटांचे, असेही होते. हडूपच्या प्रारंभीच्या कित्येक वर्षांत तयार मिळणाऱ्या प्रतींत नेमकी हीच अडचण होती आणि जगभर असंख्य लोकांनी तिच्यावर डोके फोडून घेतले. कधी लायब्ररी योग्य असते, जागेवर असते, पण ती स्वतः ज्या दुसऱ्या लायब्ररीवर अवलंबून असते ती नसते. अशा वेळी ‘सापडत नाही’ एवढेच शब्द वाचून माणूस पहिलीचाच शोध घेत राहतो, आणि ती तर डोळ्यांसमोर असते! संदेश शेवटपर्यंत वाचला तर त्यात दुसरीचे नाव बहुधा दिलेले असते.

एक प्रकार तर असा आहे की तो समजेपर्यंत माणसास भुताटकीच वाटावी. मजकूर आवळून लहान करणारी ‘स्नॅपी’ नावाची एक लायब्ररी आहे. जावातून तिचा वापर करताना ती स्वतःची यंत्रभाषेतील प्रत तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरात उलगडते आणि तेथून चालविते. पुष्कळ संस्थांत सुरक्षिततेसाठी त्या तात्पुरत्या फोल्डरातून कोणतीही आज्ञावली चालविण्यास मनाई केलेली असते, आणि ती मनाई सर्वस्वी उचित आहे. परिणाम असा की शंभर संगणकांपैकी ज्या दहांवर ही मनाई अमलात आली आहे, त्या दहांवरच काम कोसळते, उरलेल्या नव्वदांवर सुरळीत चालते. काम कोणत्या संगणकाच्या वाट्यास जाईल हे दर वेळी वेगळे ठरत असल्यामुळे तीच आज्ञावली सकाळी चालते, दुपारी पडते. लिहिणारा आपल्या आज्ञावलीत दोष शोधतो. दोष तिच्यात नाहीच. लायब्ररीही निर्दोष आहे. दोन शहाण्या नियमांची एकमेकांशी ओळख नाही, एवढेच झालेले आहे.

फायलींच्या बाबतीतही हीच कथा आहे. स्पार्क या नावाची, २००९ साली अमेरिकेतील बर्कली येथे जन्मलेली, दुसरी एक विभागणी-यंत्रणा आहे. तिच्यावर काम शिकणारा विद्यार्थी आपल्या टेबलावरील संगणकावर आज्ञावली लिहितो, जवळच ठेवलेली फाईल वाचतो, उत्तर बरोबर येते. तीच आज्ञावली तो समूहावर पाठवितो आणि फाईल नाही असे उत्तर मिळते. तो चिडतो, कारण फाईल त्याच्या डोळ्यांसमोर आहे. ती त्याच्या डोळ्यांसमोर आहे खरी, पण आता वाचणारा तो नाही. वाचणारे दूरवरचे कामकरी संगणक आहेत आणि त्यांनी आपापल्या कपाटात पाहिले.

याहून वाईट प्रकार लिहिण्याच्या वेळी घडतो. उत्तरे कोठे लिहावयाची याचा पत्ता देताना समूहाच्या सामाईक भांडाराऐवजी ‘या संगणकाच्या तबकडीवर’ असा अर्थ होणारा पत्ता दिला गेला, तर प्रत्येक कामकरी संगणक आज्ञाधारकपणे स्वतःच्या तबकडीवर लिहून मोकळा होतो. मुख्य संगणकावर काय उरते? ‘यशस्वी’ असे नाव असलेली एक फाईल, आणि तिच्यात शून्य अक्षरे. कामाचे तुकडे इतरत्र विखुरलेले असतात. कोणताही धोक्याचा संदेश नाही, कोणतीही घंटा नाही. रिकाम्या फोल्डरात ती एकच फाईल. ज्याने फोल्डर उघडून पाहिले नाही, तो निश्चिंतपणे घरी जातो.

किल्ल्यांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. पुष्कळ समूहांत एका संगणकावरील फोल्डर जाळ्यातून इतरांस दाखविण्याची जुनी पद्धत अजून आहे. त्या पद्धतीत मालकी माणसाच्या नावाने ओळखली जात नाही. प्रत्येकास दिलेल्या क्रमांकाने ओळखली जाते. एकाच व्यक्तीस एका संगणकावर १००१ आणि दुसऱ्यावर १००२ असा क्रमांक पडला, तर पडद्यावर नाव तेच दिसत असूनही तिला स्वतःचीच फाईल उघडता येत नाही. उलट १००१ क्रमांकाच्या दुसऱ्याच कोणास ती बिनदिक्कत उघडता येते. पहिली गोष्ट लगेच लक्षात येते, दुसरी कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि खरा धोका दुसरीत आहे. किल्ल्यांना मुदतही असते. हडूपमध्ये दीर्घकाळ चालणाऱ्या कामास जी परवान्याची चिठ्ठी मिळते, ती साधारणतः दर २४ तासांनी ताजी करावी लागते आणि बाहेरून काही बदल केला नाही तर ७ दिवसांनंतर कितीही ताजी केली तरी चालत नाही. सात दिवस बिनतक्रार चाललेले काम आठव्या दिवशी ‘परवानगी नाही’ म्हणून कोलमडते. एका दिवसात चाचणी आटोपणाऱ्यास हा दोष कधीच दिसणार नाही.

आता शोध कसा करावा? या कामात मुरलेले लोक प्रथम यंत्रास हात लावीत नाहीत. ते विचारतात, तक्रार करणारा संगणक कोणता. मुख्य संगणकावर दिसणारा संदेश हा बहुधा तिसऱ्या तोंडून आलेला निरोप असतो. खरा संदेश त्या कामकरी संगणकाच्या स्वतःच्या नोंदवहीत असतो, आणि तेथेही शेवटची ओळ पाहून भागत नाही. एक काम पडले की त्याच्यावर अवलंबून असलेली दहा पडतात, त्यांचा गलका शेवटी असतो. मूळ कारण बरेच वर, पहिल्या तक्रारीत असते. मग ते समूहातील प्रत्येक संगणकास एक अगदी क्षुल्लक काम देतात: स्वतःचे नाव सांग, आपण कोणाच्या नावाने आणि कोणत्या क्रमांकाने काम करतो आहोत ते सांग, आणि ही अमुक फाईल तुला दिसते का ते सांग. मोठे गणित बाजूला ठेवून ही हजेरी घेतली की दहांतील नऊ वेळा उत्तर तेथेच मिळते. लायब्ररीसाठीही अशी हजेरी घेता येते. हडूपला ‘चेकनेटिव्ह’ अशी आज्ञा दिली की कोणती लायब्ररी सापडली आणि कोठे सापडली याची यादीच तो देतो. लिनक्सवर ‘एलडीडी’ ही आज्ञा एखादी लायब्ररी आणखी कोणाकोणावर अवलंबून आहे आणि त्यांतले कोण गैरहजर आहे ते दाखविते. एका संगणकावर चालते, दोनांवर पडते, असे आढळले तर शोध निम्मा संपला असे समजावे.

ग्रंथपाल वाचकांस हे सर्व ओळखीचे वाटेल. वर्षाअखेर नोंदवही हातात घेऊन कपाटासमोर उभे राहणे आणि प्रत्येक पुस्तक खरोखर जागेवर आहे का ते पाहणे, हीच ती साठा-पडताळणी. नोंदवहीत आहे म्हणून कपाटात आहे, असे कोणताही चांगला ग्रंथपाल मानीत नाही.

येथे एक आक्षेप ऐकू येतो आणि तो निष्काळजी माणसांचा नाही. नेटिव्ह लायब्ररी मिळाली नाही तर हळू चालणारी कृती वापरून काम पुढे नेणे, यात वाईट काय? बैलगाडी मोडली म्हणून माणसाने चालत जाऊ नये का? उत्तर तर बरोबरच येणार आहे. हा युक्तिवाद अर्धा मान्य करावा लागेल. रुग्णालयात, निवडणुकीत, पुराच्या दिवसांत यंत्रणा हळू का होईना पण चालू राहणे महत्त्वाचे असते, आणि पर्यायी वाट ठेवणाऱ्या अभियंत्यांनी दूरदृष्टीच दाखविली आहे. परंतु पर्यायी वाटेने आपण जात आहोत हे मुक्कामी पोहोचल्यावर तरी कळावयास नको का? महासंगणकाचा एक-एक तास विजेवर, पाण्यावर आणि पैशावर चालतो. अतिवेगवान यंत्र विकत घेऊन ते महिनोन्‌महिने हळू लायब्ररीवर चालविणे, आणि ते कोणास ठाऊकही नसणे, ही काटकसर नव्हे.

शिवाय उत्तर नेहमी बरोबरच येते, हेही सर्वत्र खरे नाही. मजकूर आवळण्याच्या लायब्ररीत ते खरे आहे; तेथे दोन्ही वाटांनी तेच उत्तर येते. मोठ्या आकडेमोडीच्या लायब्ररींत तसे नसते. दशांश अपूर्णांकांच्या लांबलचक बेरजा संगणक मर्यादित अंकांत करतो, आणि बेरजेचा क्रम बदलला तर शेवटचा अंक बदलू शकतो. निरनिराळ्या लायब्रऱ्या वेगासाठी निरनिराळे क्रम वापरतात. शेवटच्या अंकास कोण विचारतो, असे वाटेल. हवामानशास्त्र विचारते. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ यांनी आपल्या हवामानाच्या छोट्या प्रतिकृतीत ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला, आणि थोड्या काळाने यंत्रातील ‘हवा’ पूर्वीच्या गणिताशी काहीच साम्य न राखता भलत्याच दिशेने गेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक आले. मान्सूनच्या अंदाजाची गणिते अशाच यंत्रांवर होतात. एखाद्या समूहात निम्म्या संगणकांवर एक लायब्ररी आणि निम्म्यांवर दुसरी असेल, तर तेच गणित दोनदा करून तेच उत्तर येईल याची शाश्वती राहत नाही. अंदाज चुकला तर वाऱ्यास दोष द्यावा की कपाटास, हे मग कोणी सांगावे?

म्हणून या बाबतीत मत स्पष्ट असावे. समूहाने पर्यायी वाट अवश्य ठेवावी, पण ती घेतल्याची नोंद कामाच्या उत्तराबरोबरच द्यावी: किती संगणकांवर, कोणत्या लायब्ररीऐवजी कोणती. मोजता येईल अशी नोंद. ओझरती सूचना नव्हे. शोधनिबंधात ज्याप्रमाणे उपकरणाचे नाव आणि त्याची अचूकता लिहितात त्याप्रमाणे लायब्ररीचे नाव आणि आवृत्ती लिहिण्याचा दंडक पडावा. आपल्या देशातील महासंगणकांवर ‘मॉड्यूल’ या पद्धतीने लायब्रऱ्यांच्या निरनिराळ्या आवृत्ती मांडून ठेवलेल्या असतात आणि वापरणाऱ्याने हवी ती नावाने मागून घ्यावयाची असते. म्हणजे ही नोंद करणे फारसे कठीणही नाही. सोय आहे, पण सवय नाही.

आणि यंत्राच्या खरेदीपत्रात त्याच्या ग्रंथपालांची तरतूद हवी. लायब्रऱ्या त्या-त्या प्रोसेसरसाठी नव्याने उतरवून घेणारे, आवृत्ती जुळविणारे, क्रमांक आणि किल्ल्या साऱ्या संगणकांवर एकसारख्या ठेवणारे, आणि मध्यरात्री पडलेल्या कामाची पहिली तक्रार शोधणारे हे लोक आहेत. त्यांचे काम नीट झाले की दिसत नाही. बिघडले की मात्र सर्वांस दिसते. संशोधकाचे नाव निबंधावर येते, यंत्राचे नाव आभारात येते, यांचे कोठेच येत नाही. देशात महासंगणक वाढत आहेत. त्याच प्रमाणात ही माणसे तयार झाली नाहीत तर हाती येईल ते टेराफ्लॉपचे आकडे आणि शून्य अक्षरांच्या ‘यशस्वी’ फायली.

ही विद्या महाविद्यालयापर्यंत लांबविण्याचे कारण नाही. शाळेतील दोन जुने संगणक एका तारेने जोडले तरी तिचे प्राथमिक धडे देता येतात. एका संगणकावर एक फाईल ठेवावी आणि दुसऱ्यावरून ती वाचावयास सांगावी. ती का वाचता येत नाही याची कारणे विद्यार्थ्यांनी वहीत लिहावी, एकेक कारण खोडावे, आणि कोणत्या संगणकावर बसून खोडले तेही लिहावे. मग शिक्षकांनी गुपचूप परवानगी काढून घ्यावी, किंवा फाईल दुसऱ्या फोल्डरात हलवावी, किंवा ज्या आज्ञावलीने ती उघडते तीच बदलावी, आणि तोच संदेश आता कोणत्या निराळ्या कारणाने आला ते ओळखावयास सांगावे. एका तासिकेत असे तीन बिघाड सहज बसतात.